इंजिन गार होईपर्यंत

प्रिय अहो,

तुझ्या खोलीत राहणाऱ्या त्या दक्षिणेकडच्या मुलीला तू मागच्या पत्राचा मायना समजावून सांगितलास आणि ती 'तुझी आजी तुला अहो म्हणते?' म्हणून पोट धरून हसली, असं कळवलं होतंस. तिला सांग, त्यात हसण्यासारखं काय आहे? माझा नवरा अग्लाक गेला त्याच वसंतात तू जन्मलीस. तुझ्या आईच्या, मियालीच्या कुशीतून मी तुला उचललं, तुझ्या कपाळावरच्या त्या नेहमीच्या आठ्या पाहिल्या आणि म्हटलं, "आलात का परत? इतक्या लवकर?" तुझं नाव अग्लाक ठेवलं. आपल्यात नाव दिलं की तो माणूसच परत आला, म्हणून तेव्हापासून तू माझा नवरा, आणि मियालीचा नि तुझ्या जोपीमामाचा बाप. तू लहान असताना जोपी तुला रागवायला यायचा आणि अर्ध्यात थबकायचा, कारण बापाला रागवायचं कसं? त्याचा तू किती फायदा घेतलास ते मला पक्कं ठाऊक आहे. तर रिवाज नेहमीचाच. जेवलीस का, मोजे वाळवलेस का, हे विचारायचं तेव्हा तू. काही महत्त्वाचं असलं की अहो. आणि जे गेले त्यांना मी थोरले म्हणते, म्हणजे तुझा गोंधळ नको.

फोनच केला असता, पण मी फोनवर बोलायला लागले की जोपी शेजारी येऊन बसतो आणि माझी वाक्यं दुरुस्त करतो. शिवाय पाकिटात एक वस्तू घातली आहे, ती फोनमधून जात नाही. ती आत्ता काढू नकोस. आधी वाच.

इकडे सगळं छान आहे. समुद्राचा बर्फ अजून पक्का आहे, सूर्य मावळायचं नाव घेत नाही, पोरं झोपत नाहीत आणि त्यांच्या आया चिडचिड करतात. पहिली बदकं आली. शेजारच्या तापिताच्या गुडघ्याला नवं मलम मिळालं आहे. ती ते भेटेल त्याला हुंगायला देते. तुझी आई बरी आहे. मागे एकदा तुझा फोन येऊन गेल्यावर ती बराच वेळ भांडी घासत होती. भांडी स्वच्छच होती. मी टॉवेल घेऊन पुसायला उभी राहिले.

आता खरी बातमी, थोरल्यांच्या बर्फगाडीची. तिचं दुखणं तुला माहीत आहे. सकाळी उणे तीसमध्ये दोरी ओढावी तर पहिल्या हिसक्याला सुरू होते आणि दिवसभर पळते. पण मध्ये कुठे थांबून बंद केली आणि इंजिन गरम असताना पुन्हा दोरी ओढली की संपलं. खांदा निखळेपर्यंत ओढा, ती ढिम्म. तासाभराने इंजिन गार झालं की काहीच घडलं नसल्यासारखी पुन्हा सुरू. या वसंतात तर तिने कहर केला. मासे धरायला गेले तर अडकले, पिण्याचा बर्फ आणायला गेले तर अडकले, आणि एकदा तर दुकानासमोर सगळ्यांदेखत अडकले. शेवटी जोपीने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "आई, आता बास. आणखी एकदा अडकलीस की मी ही उचलून कचऱ्याच्या डोंगरावर टाकून येणार. वसंताच्या मुक्कामाला तळ्यावर जाताना तू माझ्या मागे घसरगाडीत बस. मी मऊ कातडी अंथरतो."

मी घसरगाडीत! तंबू, स्टोव्ह, पिठाची पोती आणि आजी! जन्मात एकदाही मी वसंताच्या तळ्यावर गाठोड्यासारखी गेले नाही, थोरल्यांच्या मागे बसून गेले आणि ते गेल्यावर स्वतः चालवत गेले. मी जोपीला म्हटलं, "तुझं लग्न झालं त्या दिवशीही मी ही गाडी चालवत चर्चला आले होते." तो म्हणाला, "हो, आणि जेवायला उशिरा पोचलीस, कारण ती चर्चसमोर सुरू होईना." पोरगा हजरजबाबी आहे. पण त्याचा शब्द म्हणजे शब्द. एकदा अडकले की गाडी गेली. तळ्याला निघायला फार दिवस उरले नव्हते. मग मी ठरवलं, पाणी कुठे मुरतंय ते शोधायचंच.

सगळे करतात तेच केलं. दुपारच्या वेळी आपल्या रेडिओवर गेले. मोसेसीने आधी एका हरवलेल्या हातमोज्याची घोषणा केली, मग माझ्यापुढे माइक सरकवला. मी सांगितलं, "मी उलायुक. माझी गाडी गरम झाली की सुरू होत नाही. कुणाला औषध माहीत असेल तर सांगा." अहो, फोन थांबेनात! हरवलेला हातमोजा बिचारा विसरलाच गेला. एक म्हणाला प्लग बदला. एक म्हणाला पेट्रोलच्या पंपावर बर्फ थापा. एकजण म्हणाला टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक गोठलं असणार, फुंकर मारा. पलीकडच्या वस्तीतला एक म्हातारा म्हणाला, "सोपं आहे, बंदच करू नका." आणि फोन ठेवताना प्रत्येकजण एकच वाक्य म्हणायचा: "आज अग्लाक असता तर त्याने नुसतं कान लावून सांगितलं असतं." त्यावर मोसेसी लगेच, "आहे की अग्लाक! दक्षिणेत इंजिनांच्या शाळेत शिकतोय!" मग सगळे, "हो हो, तो आला की बघेल." मी माइक मोसेसीकडे परत सरकवला. तुझ्या आईच्या स्वच्छ भांड्यांची आठवण झाली.

मग औषधं सुरू झाली. प्लग काढला तर काळा आणि पेट्रोलने ओलाचिंब. नवा घातला, तोही ओला. म्हणजे गाडी उपाशी नव्हती, अजीर्ण होत होतं तिला. पण कुठून? टाकीच्या झाकणात जोपीने फुंकर मारली, त्याच्या मिशीला पेट्रोलचा वास लागला, बायकोने त्याला दोन दिवस लांब झोपवलं. नवी कॉइल विमानाने मागवली. ढिम्म. कार्बोरेटर स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला, प्रत्येक भोक शिवणाच्या सुईने साफ केलं, आणि त्याच दिवशी पाद्रीबाबा चहाला आले. बिचाऱ्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. भाकरीला काय चव लागली ते त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सगळ्यात भारी औषध मोसेसीचं. तो म्हणाला, "पेट्रोल जास्त झालंय ना? मग रेस पूर्ण दाबून धर आणि दोरी ओढ, जास्तीचं निघून जाईल." उपाय खरा आहे, तुझ्या शाळेतही शिकवत असतील. फक्त सुरू झाल्यावर लगेच रेस सोडायची असते, हे तो सांगायला विसरला, किंवा मी ऐकायला विसरले. एका हाताने रेस दाबली, दुसऱ्याने दोरी ओढली, आणि गाडी डरकाळी फोडून निघाली. माझ्याशिवाय! मी बर्फात बसकण मारली आणि ती सरळ तापिताच्या दारात, जिथे तिने सीलचं कातडं चौकटीवर ताणून वाळत घातलं होतं, त्या चौकटीतून आरपार. तापिता दार उघडून बाहेर आली, गाडीकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, लांब बर्फात बसलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि ओरडली, "उलायुक, आत येणार होतीस तर दार वाजवायचं!" आम्ही दोघी बर्फात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तिला नवं कातडं मी दिलं. जोपीने हे 'अडकणं' मोजलं नाही, कारण गाडी सुरू झाली होती. आहे बापाचा थोडा न्यायी स्वभाव.

आता ते 'कान लावून सांगण्याचं' प्रकरण. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. म्हैस म्हटलं म्हणून रागावू नका. थोरल्यांसारखा गोड माणूस मी पाहिला नाही, पण अहो, तुम्हाला इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं! गाडी घेतली त्याच हिवाळ्यात तुम्ही चोकच्या मुठीवर पाय देऊन ती मोडलीत. घसरगाडीचे लाकडी जोड तुम्ही उलटे बांधायचात आणि मी रात्रीच्या जेवणाआधी गुपचूप सरळ करायचे. मग हे नाव कसं झालं? तुला सांगते, मला आता या वसंतात ते नीट उमगलं.

थोरले वाटेत थांबायचे, कारण त्यांना कुठलीही टेकडी बघितली की थांबावंसं वाटायचं. मग गाडी सुरू व्हायची नाही. त्यांना राग कधी आलाच नाही. म्हणायचे, "बसू दे तिला जरा. तिलाही बघू दे." कॅरिबू हरणाचं कातडं अंथरायचे, स्टोव्ह पेटवायचे, आणि कुणी ना कुणी मागून यायचंच. त्यांना चहा. आणि चहाबरोबर गोष्ट. अस्वलाची, पाद्र्याची, त्यांच्या आत्याच्या खोट्या दातांची. लोक हसून लोळायचे. तापिताचं लग्न आमच्या बंद पडलेल्या गाडीपाशी ठरलं, विचार तिला. आणि दुसऱ्या कुणाची गाडी गरम होऊन अडली की तो थोरल्यांना हाक मारायचा. हे जायचे, झाकण उघडायचे, फार गंभीरपणे आत बघायचे, आणि म्हणायचे, "हिच्यावरून एक आठवलं." गोष्ट संपेपर्यंत इंजिन गार! दोरी ओढली की सुरू. "अग्लाकने केली!" लोक म्हणायचे, आणि मी चहा ओतायचे. मी काय बोलणार? माझ्याही डोळ्यांत हसून पाणी आलेलं असायचं.

बरं, पुढे ऐक. तळ्याला निघायच्या आदल्या दिवशी जोपी माझी गाडी किनाऱ्यावरून घरी घेऊन आला, दाराशी बंद केली, चहा घेतला, बाहेर जाऊन दोरी ओढली. ढिम्म. ओढून ओढून लालबुंद झाला. मग आपली गाडी आणली आणि मागे दोर बांधायला लागला. त्याचं तोंड बघवत नव्हतं. त्यालाही आवडत नव्हतं ते. मीही भांडले नाही. शब्द म्हणजे शब्द. फक्त म्हटलं, "थांब, तो सील काढून घेऊ दे. अग्लाकला पाठवीन."

सील म्हणजे तुझा लाडका. थोरल्यांनी चोकची मूठ मोडल्यावर वॉलरसच्या दाताचा कोरून बसवलेला तो गुबगुबीत, झोपलेला सील. तू लहानपणी माझ्या पुढ्यात बसलीस की सगळा वेळ त्याच्या डोक्यावरून बोट फिरवत असायचीस. सगळ्या गावाने त्याचं कौतुक केलं होतं. मी पक्कड घेऊन तो फिरवला, तो सुटून माझ्या हातात आला, आणि आतून 'टक्' असा बारीक आवाज झाला. चोकची तार, सीलच्या जागी उरलेली, अजून थोडी आत गेली होती. माझ्या नखाएवढीच. मी काही मोठा विचार केला नाही. गाडीला निरोप द्यावा म्हणून दोरी हातात घेतली, गरम इंजिनावर हात ठेवला, म्हटलं, जा बाई सुखाने, आणि ओढली.

पहिल्या हिसक्याला सुरू झाली!

जोपीच्या हातातला दोर गळून पडला. मी बंद केली, पुन्हा ओढली. सुरू! जोपी म्हणाला, "सील बसव." बसवला, गाडी गावाला एक फेरी मारून आणली, बंद केली. ढिम्म. प्लग ओला. सील काढला, 'टक्', प्लग पुसला, ओढली. सुरू! मग आम्ही दोघं पोरांसारखे वाकून बघायला लागलो आणि दिसलं. सीलचं शेपूट! थोरल्यांनी त्याला इतकं छान, रुंद, पसरलेलं शेपूट कोरलं होतं की मूठ आत ढकलली तरी ते गाडीच्या समोरच्या फळीवर टेकायचं आणि चोक कधी पूर्ण बंद व्हायचाच नाही. म्हणजे इतकी वर्षं गाडी सतत जरा जास्त पेट्रोल पीत होती. थंड असताना तिला ते हवंच असतं, म्हणून सकाळी खूश. गरम असताना बुडून जायची. धूर जास्त, पेट्रोल जास्त, आणि आम्ही म्हणायचो, म्हातारी झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सगळ्या गावाने ज्या शेपटावरून कौतुकाने बोट फिरवलं, तेच शेपूट! जोपी बर्फात आडवा पडून हसत होता आणि म्हणत होता, "बाबा! अहो बाबा!" तो तुला म्हणत होता की त्यांना, मला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर गेले. स्वतः चालवत, सगळ्यांच्या पुढे. चोकच्या तारेला माझ्या जुन्या कोटाचं लाकडी बटण बांधलं आहे, बारीक आणि बिनशेपटीचं. दोन टेकड्यांच्या मधल्या त्या जागी, जिथे थोरले दरवर्षी अडकायचे, मी मुद्दाम थांबले आणि बंद केली. मागून सगळे आले, जोपी, मियाली, मोसेसी आणि त्याची सून, आणि तापिता तिच्या मलमासकट. सगळे गाडीकडे बघत उभे. मी एका हाताने दोरी ओढली. सुरू! टाळ्या वाजल्या. आणि मग, का कोण जाणे, कुणीच निघेना. मीही पुन्हा गाडी बंद केली, कातडं अंथरलं आणि स्टोव्ह पेटवला.

चहा झाला. भाकरी झाली. गोठलेल्या माशाचे तुकडे झाले. सगळे कपात बघत बसले. मग तापिता म्हणाली, "गाडी चांगली झाली गं, पण आता गोष्ट कोण सांगणार?" मला एकदम त्यांची इतकी आठवण आली की मी कप खाली ठेवला. तेव्हा मोसेसीच्या सुनेने खिशातून फोन काढला. तिकडच्या विद्यार्थ्यांच्या रेडिओवर तू आपल्या भाषेत तासभर बोलतेस, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! ते तिने त्यात साठवून ठेवलं होतं. तिने तो उलट्या कपावर उभा केला आणि त्या दोन टेकड्यांच्या मधे तुझा आवाज आला. इंजिन सुरू का होत नाही म्हणून तू दिवसभर ते उघडत होतीस, प्लग, कॉइल, कार्बोरेटर, एकेक सुटा भाग रांगेत मांडलास, मास्तर मिशीवरून हात फिरवत मागे उभे, आणि शेवटी कळलं की टाकीत पेट्रोलच नव्हतं! आणि मग ते मास्तरांचं तुझ्या आवाजातलं "हम्म्". अहो, मोसेसीच्या नाकातून चहा आला! जोपीने भाकरी बर्फात फेकली. मियाली हसता हसता रडत होती, आणि मग नुसती रडतच राहिली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून तिने मला सगळं सांगितलं. की तू दुसऱ्यांदा नापास झालीस. की तुला ती शाळा नकोशी झाली आहे, पण सोडायची भीती वाटते. की तू फोनवर म्हणालीस, "गावाला काय तोंड दाखवू? अग्लाकच्या नावाला बट्टा लावला." तापिताचे कान फोनकडे होते, तिने यातलं काहीच ऐकलं नाही. तिने फोनकडे बोट केलं आणि म्हणाली, "अगं, हा तर अग्लाकच! जसाच्या तसा!"

म्हणून हे पत्र. आता पाकिटातला सील काढा. हात फिरवून बघा, शेपूट आधी. ज्यांच्या नावाला बट्टा लागेल म्हणून तुम्ही तिकडे उशीत तोंड खुपसून रडता, त्यांचं इंजिनातलं सगळं ज्ञान ते एवढं आहे. ती शाळा उद्या सोडा. हसत सोडा, मास्तरांना नमस्कार सांगा, आणि त्या रेडिओवाल्यांकडे जाऊन विचारा की रोज बोलायला मिळेल का. नाही म्हणाले तर घरी या. मोसेसी म्हातारा झाला, त्याला माइक जड होतो, असं तो स्वतःच परवा म्हणाला. नाव ठेवताना मी तुमच्याकडे इंजिन मागितलं नव्हतं. मी फक्त विचारलं होतं, आलात का परत? आणि तुम्ही आलात, इतकी वर्षं माझ्या पुढ्यात बसून सीलच्या डोक्यावरून बोट फिरवत होतात, आणि मी वेडी तुम्ही गाडी दुरुस्त कराल म्हणून वाट बघत होते. गाडीची काळजी सोडा, ती आता माझ्याकडे लागली. इंजिन मी बघते. तुम्ही गोष्ट सांगा.

जेवत जा, मोजे वाळवत जा.

तुझी आजी, आणि अहो, तुमचीच,
उलायुक